चढ श्वासाने मोजावा

पावसाळा ओसरू लागला की दवाखान्यातील प्रश्नांचा रंग बदलतो. आषाढ-श्रावणात सर्दी, ताप आणि जुलाब यांच्या रुग्णांनी भरलेल्या बाकावर भाद्रपदात निराळीच मंडळी येऊन बसतात. "डॉक्टर, यंदा घाटातली शर्यत धावायची म्हणतो, चालेल ना?" "मुलांना गडावर न्यायचे आहे, बाबांनाही सोबत नेले तर?" "सायकल घेतली खरी, पण चढ आला की दम लागतो. एखादे टॉनिक लिहून द्याल का?" एका अंगाला अजिंक्यतारा आणि दुसऱ्या अंगाला यवतेश्वरचा डोंगर असलेल्या साताऱ्यात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला हे प्रश्न दर वर्षी भेटतात. गेली दहाहून अधिक वर्षे येथे डोंगरातील अर्धमॅरेथॉन होते. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने परतायचे, असे हे सुमारे २१ किलोमीटर. तिच्यामुळे एरवी पहाटे केवळ दूधवाल्यांच्या गाड्या दिसत त्या रस्त्यावर आता धावणारी, चालणारी आणि सायकल चालवणारी माणसे दिसतात. डॉक्टर म्हणून याचा मला आनंद आहे.

या सर्वांना माझे उत्तर बहुधा एकच असते: अवश्य जा, मात्र चढ किलोमीटरने किंवा घड्याळाने मोजू नका, श्वासाने मोजा. आजच्या लेखात या एका वाक्याचाच विस्तार करावयाचा आहे. डोंगरातील आनंद आणि डोंगरातील सुरक्षितता या दोन्ही गोष्टी याच एका नियमावर उभ्या आहेत.

चढावर शरीरात काय घडते

सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणे हा बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला व्यायाम आहे. तोच वेग चढावर कायम ठेवला तर काय होते, याचा हिशेब व्यायामशास्त्रातील रूढ सूत्राने करता येतो. शंभर मीटर चालताना पाच मीटर वर नेणारा रस्ता असेल, तर शरीराला लागणारा प्राणवायू सपाटीच्या दीडपटीहून अधिक होतो. चढ शंभराला दहा झाला, की हीच गरज सव्वादोन पटींच्या घरात जाते. पाय त्याच गतीने पडत असतात, डोळ्यांना वेग तोच दिसतो. परंतु हृदयाला दुपटीहून अधिक काम पडलेले असते. "मी तर रोज पाच किलोमीटर चालतो, मग येथेच दम का लागला?" या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे. आपण रोज चालत होतो ते अंतर. डोंगर त्यात उंची मिळवतो, आणि उंचीचा हिशेब शरीर वेगळा मांडते.

गिर्यारोहकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा ठोकताळा सांगितला, तो आजही वापरला जातो. दर तीन मैलांना एक तास धरावा आणि चढलेल्या प्रत्येक दोन हजार फुटांसाठी आणखी एक तास मिळवावा. आपल्या मापांत सांगायचे तर पाच किलोमीटरला एक तास, आणि सुमारे सहाशे मीटर उंचीला एक तास. सिंहगडाचा पायथा असलेल्या आतकरवाडीतून गडावर जाणारी पायवाट तीन किलोमीटरच्या आतलीच आहे, पण ती सुमारे सहाशे मीटर वर चढते. अंतराकडे पाहून निघालेला माणूस "अर्ध्या तासात पोचू" म्हणतो. नेस्मिथांचा हिशेब दीड तासाच्या आसपासचा वेळ सांगतो, आणि नवख्या कुटुंबाला खरोखर तेवढा, किंबहुना थोडा अधिकच वेळ लागतो. घरून निघण्यापूर्वी हा हिशेब कागदावर केला, तर निम्मी धावपळ आणि निम्मी निराशा टळते.

बोलता येईल तोच वेग

श्वासाने मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे? यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. चढताना सोबत्याशी बोलून पाहावे. गाणे गुणगुणता येत असेल तर श्रम सौम्य आहेत. पूर्ण वाक्ये बोलता येतात, पण गाता येत नाही, अशी स्थिती असेल तर श्रम मध्यम आहेत. आरोग्यासाठी हाच सर्वांत उपयुक्त टप्पा. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागत असेल, तर श्रम तीव्र झाले आहेत. सरावलेल्या माणसाने या टप्प्यात थोडा वेळ जाण्यास हरकत नाही. नवख्याने मात्र तेथेच पाऊल आखूड करावे.

आपल्याकडे ही कसोटी पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधीपासून पायांनी पाळली आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडच्या मुक्कामी जाते, तेव्हा वाटेत दिवे घाट लागतो. त्या चढावर साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने दिसतात. ती चढतात, कारण दिंडीचा वेग टाळ-मृदंगाच्या ठेक्याने बांधलेला असतो, आणि मुखी अभंग असल्यामुळे श्वासाबाहेरचा वेग घेताच येत नाही. एकट्याने घड्याळाशी शर्यत लावून घाट चढणारा पस्तिशीचा तरुण तेथे धापा टाकत बसलेला आढळतो आणि आजी शांतपणे पुढे जातात, यात चमत्कार काही नाही.

वेग कमी करण्याची रीतही सांगतो. चढावर पाऊल लांब टाकू नये. ते आखूड करावे, पण लय मोडू देऊ नये. अंग कमरेतून वाकवू नये. घोट्यांपासून किंचित पुढे झुकावे, म्हणजे छाती मोकळी राहते. पहिली दहा-पंधरा मिनिटे मुद्दाम संथ ठेवावीत. स्नायूंतील रक्तप्रवाह वाढण्यास आणि श्वासाची लय बसण्यास तेवढा अवकाश लागतो. पायथ्याशीच उत्साहात झेप घेणारी मंडळी पहिल्या टेपाडावर कासावीस होतात आणि "आपल्याला हे जमणार नाही" असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. धावणाऱ्यांनी तीव्र चढावर सरळ चालावे. डोंगरातील अनुभवी धावपटूही असेच करतात. जेथे धावण्याचा आणि झपझप चालण्याचा वेग जवळजवळ सारखाच पडतो, तेथे धावण्यातून केवळ दमणूक वाढते.

संथ चढण्याचा आणखी एक लाभ आहे. कासच्या पठाराकडे जाणाऱ्या वाटेवर सप्टेंबरात सोनकी आणि तेरडा फुललेले असतात. सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी एखाद्या वर्षी सबंध उतार निळा-जांभळा करून टाकते. नजर मनगटावरील घड्याळावर खिळलेली असेल, तर यातील काहीच दिसत नाही. आणि ज्या व्यायामात मन रमले नाही, तो तीन महिन्यांहून अधिक टिकत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

त्याच वळणावरचे थांबणे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक हकीकत सांगतो. पन्नाशीतील एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. तक्रार त्यांची नव्हतीच. ती पत्नीची होती. "डॉक्टर, आम्ही रोज सकाळी घाटात चालायला जातो. हे दर वेळी त्याच वळणावर थांबतात. छातीवर हात ठेवतात, दोन मिनिटे उभे राहतात आणि मग पुढे निघतात." गृहस्थ संकोचून म्हणाले, "अहो, काही नाही. रिकाम्या पोटी चहा होतो, त्याचे पित्त. थांबलो की बरे वाटते." मी त्यांना विचारले, "सपाटीला होते का?" "छे, सपाटीला काहीच होत नाही. म्हणूनच तर म्हणतो, काळजीचे कारण नाही."

त्या बाईंनी टिपलेली गोष्ट साधी होती, पण वैद्यकाच्या दृष्टीने लाखमोलाची. पित्त असे वळण मोजून येत नाही. ठराविक श्रमाला येणारी आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारी छातीतील अस्वस्थता हे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. सपाटीवर त्या धमन्यांतून पुरेसे रक्त पोचते. चढावर मागणी दुप्पट होते आणि पुरवठा कमी पडतो. त्यांचा विश्रांतीतील ईसीजी निर्दोष होता, आणि तो तसा असणे अगदी शक्य असते. पट्ट्यावर चालवून केलेल्या चाचणीत मात्र दोष उमटला. पुढे अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला, औषधे सुरू झाली. हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने काही महिन्यांनी ते पुन्हा घाटात चालू लागले. आता ते वळण येते आणि मागे पडते, असे त्यांच्या पत्नीच मला सांगतात.

ही ओळख आजची नाही. लंडनचे वैद्य विल्यम हेबरडेन यांनी १७६८ मध्ये तेथील वैद्यांच्या सभेपुढे या विकाराचे वर्णन केले. हा त्रास चालताना होतो, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर होतो, आणि उभे राहताच नाहीसा होतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. ईसीजीचा शोध लागण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एका टेकडीने हे निदान सुचवले होते. आज रुग्णालयात जी 'टीएमटी' किंवा 'स्ट्रेस टेस्ट' करतात, तिचा पट्टाही तिरपाच असतो. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ब्रूस पद्धतीत पहिली तीन मिनिटे शंभराला दहा इतक्या चढावर चालवतात. पुढे दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. म्हणजे यंत्राच्या खोलीत उभारलेला तो एक घाटच होय. फरक इतकाच, की तेथे शेजारी डॉक्टर असतो, छातीला तारा लावलेल्या असतात आणि यंत्र केव्हाही थांबवता येते. सिंहगडाच्या पायवाटेचा सरासरी चढ शंभराला वीसच्या आसपास आहे आणि तेथे ही सोय नाही.

म्हणून वाचकहो, पुढील लक्षणे चढावर जाणवली तर ती दवाखान्यात सांगितल्याशिवाय पुन्हा चढ चढू नका. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे. ते जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात उतरणे. श्रमाच्या मानाने अवाजवी धाप. चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी. छातीत अनियमित धडधड. मधुमेही व्यक्तींना, वृद्धांना आणि अनेकदा स्त्रियांनाही छातीत दुखतच नाही. केवळ धाप, घाम किंवा अचानक येणारा गळाठा एवढेच जाणवते. "गेल्या वर्षी याच चढाला काही होत नव्हते, यंदा होते" हे वाक्य स्वतःच एक लक्षण आहे.

थांबल्यावरही त्रास पाच-दहा मिनिटांत गेला नाही, तर खाली उतरण्याचा हट्ट न धरता तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात रक्तस्राव झाल्याचा पूर्वेतिहास अशी अडचण नसेल, तर सुमारे तीनशे मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खावी. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा जवळच्या नात्यात कमी वयात झालेला हृदयविकार यांपैकी काही असणाऱ्यांनी, डोंगरातील शर्यतीसाठी नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी. नोंदणी झाल्यावर आदल्या आठवड्यात केवळ सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र मागायला येणारी मंडळी मला भेटतात. प्रमाणपत्राने धमन्या रुंद होत नाहीत.

उताराचे देणे

चढ फुप्फुसांची परीक्षा घेतो, तर उतार मांड्यांची आणि गुडघ्यांची. उतरताना दम लागत नाही, म्हणून आपण त्याला विश्रांती समजतो. प्रत्यक्षात मांडीचे पुढचे स्नायू या वेळी ब्रेकचे काम करत असतात. ते आकुंचन पावत असतानाच ताणलेही जातात, आणि अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच गडावरून आल्यावर त्या रात्री बरे वाटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे दुखणे चार-पाच दिवसांत आपोआप निवळते. विशेष म्हणजे शरीर हा धडा लक्षात ठेवते. काही आठवड्यांच्या आत तोच उतार पुन्हा उतरलात, तर दुखणे लक्षणीय कमी असते. यवतेश्वरच्या शर्यतीत उत्तरार्ध उताराचा आहे आणि थकलेल्या पायांनी तो पार करायचा असतो. तेव्हा सरावात चढाइतकाच उतारही असावा.

उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, टाच आपटू नये. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी काठी वापरावी. काठीमुळे गुडघ्यांवरील भार कमी होतो, हे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. आपल्या डोंगरातील धनगरांच्या हातात ती पिढ्यानपिढ्या आहे. काठी घेण्यात कमीपणा मानू नये.

शर्यतीपूर्वीच वेदनाशामक गोळी घेऊन निघण्याची एक चाल पडली आहे. ती सोडावी. शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. शिवाय दुखणे ही शरीराने दिलेली सूचना आहे, तीच पुसली जाते. झेपेल त्याहून फार अधिक श्रम झाल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी वाट पाहू नये. स्नायूंची मोडतोड मूत्रपिंडांपर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सायकलवाल्यांसाठी

सायकलचा नियमही श्वासाचाच आहे, फक्त तो गिअरमधून पाळावा लागतो. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर घ्यावा. चढाच्या मध्यावर, पायडलवर सगळा जोर असताना गिअर बदलला तर साखळी अडकते आणि तोलही जातो. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे होतील अशा हलक्या गतीने पाय फिरावेत. जड गिअरवर रेटत राहिल्यास गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागते. अशा दुखण्यासाठी येणाऱ्यांना मी आधी सायकलच्या बैठकीची उंची विचारतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. बैठक फार खाली असेल, तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा भुर्दंड भरतो.

पसरणी घाट असो वा बोपदेव, सायकलस्वाराला खरा धोका उतारावर असतो. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून-सोडून वापरावेत. पावसात रिम ओली असते आणि थांबण्यास अधिक अंतर लागते; वळणांवर वाहून आलेली बारीक खडी असते. एस.टी. आणि मालमोटारींना आडवळणावर रस्त्याची मध्यरेषा ओलांडावी लागते, हे गृहीत धरूनच आपली बाजू पकडावी. शिरस्त्राणाशिवाय घाटात सायकल नेऊ नये. माथ्यावर पोचल्यावर घामाने भिजलेल्या अंगाने लगेच उतरू नये. वारा झोंबतो, हाताची बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. एक पातळ विंडचीटर खिशात ठेवल्याने हा प्रश्न सुटतो.

पाणी, पाऊस आणि ताप

पाणी तहानेप्रमाणे, थोडे थोडे प्यावे. कमी पिण्याचे तोटे सर्वांना ठाऊक आहेत. दीर्घ श्रमांत नुसतेच पाणी वारेमाप प्यायल्याने रक्तातील सोडियम घटून भोवळ आणि गोंधळ होऊ शकतो, हे मात्र फारसे ठाऊक नसते. दोन तासांहून अधिक काळ घाम गाळायचा असेल, तर ओआरएस, मीठ घातलेले लिंबूसरबत किंवा ताक सोबत असावे. ओआरएसचे पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घ्यावे. चढण्याआधी भरपेट न्याहारी नको. एखादे केळे पुरते. गडावरील पिठले-भाकरी ही माथ्यावर पोचल्याची बक्षिसी असावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि डोसाबाबत आधीच डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीचा वेग दबलेला राहतो. अशांनी घड्याळातील नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, बोलण्याची कसोटीच पाळावी. दमेकऱ्यांनी पंप घरी ठेवू नये.

अतिवृष्टीचा इशारा असताना डोंगर नको. शेवाळलेला कातळ आणि अचानक फुगणारा ओढा यांच्यापुढे तंदुरुस्तीचा काही उपयोग नसतो. पायावर जखम असताना चिखल-पाण्यातून जाणे टाळावे. आणि ही सूचना विशेष लक्षात ठेवा: पावसाळी वाटांवरून परतल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर "चालण्यानेच दुखत असेल" असे म्हणून सोडून देऊ नका. लेप्टोस्पायरोसिसमध्ये नेमके असेच होते आणि वेळेवर दिलेली साधी प्रतिजैविके तो आटोक्यात आणतात. डॉक्टरांना आपण डोंगरात, चिखलात गेलो होतो हे आपणहून सांगा.

जुन्या गडांच्या कड्यांना आग्या माश्यांची मोहोळे असतात. तेथे धूर, गोंगाट आणि उग्र अत्तरे टाळावीत. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला शक्यतो उचलून खाली आणावे आणि प्रतिविष उपलब्ध असणाऱ्या रुग्णालयात न्यावे.

कुटुंबाने आरंभ कसा करावा

इतक्या सूचना वाचून कोणी डोंगराचा बेत रद्द करू नये. घरी बसून राहण्याने होणारे आजार मी रोज पाहतो आणि त्यांची संख्या डोंगरातील अपघातांहून कितीतरी मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. रविवारच्या एका टेकडीने त्यातील निम्मा वाटा सहज पुरा होतो.

पहिले दोन आठवडे घराजवळची टेकडी निवडावी. पुण्यात १०३ पायऱ्यांची पर्वती किंवा वेताळ टेकडी, नाशकात पांडवलेणी, मुंबईत राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा रस्ता, साताऱ्यात अजिंक्यतारा. बोलता येईल इतक्याच वेगाने वीस मिनिटे चढावे आणि परत फिरावे. दर आठवड्याला पाच-सात मिनिटे वाढवावीत. मधल्या दिवसांत दोनदा जिना चढावा आणि जाणीवपूर्वक सावकाश उतरावा. दोन महिन्यांनी सिंहगडासारखा गड अवघड वाटू नये. धावण्याचा आणि शर्यतीचा विचार त्यानंतर करावा.

गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा आणि त्यालाच पुढे ठेवावे. मागे राहिलेले आजोबा धापा टाकत पोचतात तोच पुढे बसलेली नातवंडे उठून निघतात. अशाने ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. मुलांना किलोमीटरचे लक्ष्य देऊ नये. ती धावतात, थांबतात, बेडूक पाहतात, पुन्हा धावतात. त्यांच्या वयाला हाच व्यायाम योग्य आहे. आणि चढताना एकमेकांशी बोलत राहावे. घरातल्या माणसाचे बोलणे मध्येच तुटले, तो एखाद्या वळणावर नेहमीच थांबू लागला, तर ते सर्वांत आधी सोबत चालणाऱ्याच्याच ध्यानात येते. येत्या रविवारी निघताना पाण्याच्या बाटलीबरोबर ही सावधानताही सोबत असू द्या.